एका लांब फुंकेचा गुन्हा

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, लपवून काय उपयोग, मी एका गॅसच्या टाकीवर जळतो.

देवाने मला खोल समुद्रात घडवले. प्रशांत महासागरातल्या तोकेलाऊच्या एका बेटावरच्या माणसांनी मला वर काढले, माझ्या कुशीला भोक पाडले आणि त्यातून आपला श्वास दिला. तेव्हापासून गावाचा कायदा माझ्या कंठातून बोलू लागला. संध्याकाळी दोन फुंका, की घरोघरी प्रार्थना. वाटेवर चिटपाखरू दिसायचे नाही. तीन तुटक फुंका, की न्यायसभा. आणि एक लांब फुंक म्हणजे आनंदच! मासे वाढावेत म्हणून वडीलधाऱ्यांनी मासेमारीला बंद ठेवलेला प्रवाळाचा बांध उघडला. मग होड्या काय सुटायच्या! बेटावर तुरुंग नाही, पोलीसही एकच, लेपायो. तो मला "माझी अर्धी वर्दी" म्हणायचा आणि मी फुगायचो.

मग जहाजातून गॅसच्या टाक्या आल्या. त्यांतली एक रिकामी झाली, गंजली आणि सभागृहासमोरच्या नीरफणसाच्या झाडाला टांगली गेली. लोखंडी कांब मारली की ठण्ण! "दम लागत नाही, ओठ फुटत नाहीत," लेपायो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सभागृहाच्या खांबावर गेलो. त्या टाकीला ना रूप ना रंग, पोटात नुसती हवा! आणि देवाच्या नावाची पहिली हाक आता ती देणार? रोज संध्याकाळी गाव डोळे मिटून गाऊ लागायचे, आणि मी मात्र त्या ठण्णकडे डोळे लावून धुमसत राहायचो.

चार महिन्यांनी पुन्हा जहाज आले. सारे गाव पलीकडच्या धक्क्यावर आरडाओरडा करत माल उतरवत होते. लेपायो एकटाच मागे होता. त्याने मला उतरवले, खोबरेल लावून पुसले, इकडेतिकडे पाहिले.

"आवाज उरलाय का रे म्हाताऱ्या?" म्हणत त्याने ओठ लावले.

मित्रांनो, त्याने अगदी हळू फुंकले होते. मी नुसता कण्हलो असतो तरी चालले असते. पण टाकी समोरच लटकत होती. मी सगळा जीव एकवटला. एक लांब, घुमणारी हाक वाऱ्याबरोबर थेट बेटाच्या टोकाला गेली.

टोकाला तिनिएलु आजोबा राहत. प्रार्थनेला टाकी वाजते, हे त्यांना ठाऊक होते. पण बांध उघडायचा मान शंखाचाच, असे ते धरून चालले होते. वेगळे कोणी सांगितलेच नव्हते. दुपारी बंद बांधावर, होडीत सहा पोपटमासे घेऊन ते सापडले, आणि पकडले कोणी? लेपायोनेच.

दुसऱ्या दिवशी टाकीने तीन ठोके दिले. गाव चटयांवर बसले. न्यायाला आलेसानो, आजोबांचा सख्खा भाचा. शिक्षा ठरलेली होती: वर्षभर होडी काठावर पालथी. ज्या हातांनी साठ वर्षे गावाला मासे वाटले, ते दुसऱ्यापुढे पसरायचे.

"मामा, बांध बंद होता ना?"

"शंख वाजला की रे."

हशा पिकला. कोणी ओरडले, "शंख आता शोभेला आहे, आजोबा! लाटा शिरल्यात तुमच्या कानांत!"

आजोबांची बायको मेले ताडकन उठली. "यांच्या कानांना नावं ठेवू नका! मी चुलीपाशी पुटपुटले तरी यांना अंगणात ऐकू येतं!"

पुन्हा हशा. लेपायो तेवढा हसला नाही. जमिनीकडे बघत राहिला. मी खांबावरून आक्रंदत होतो, "ते खरं बोलतायत!" पण दुसऱ्याच्या श्वासावाचून मी म्हणजे दगड.

आजोबांनी सभेकडे पाहिले. आवाज खाली आला. "वाजल्यासारखं वाटलं असेल. वय झालं माझं. घ्या होडी."

तेव्हा लेपायो उठला. त्याने टोपी काढून चटईवर ठेवली. "आजोबांचे कान धडधाकट आहेत. शंख मी फुंकला. टोपी जाईल म्हणून काल गप्प बसलो."

"शाबास रे पोलिसा!" मेले म्हणाली. "जावयाला जेवायला बोलवावं तसं यांना बोलावलंस आणि मग बेडी दाखवलीस!"

आजोबांची होडी सुटली. मासे नेहमीसारखे घरोघरी सारखे वाटले गेले. लेपायोची टोपी राहिली, पण त्याने महिनाभर रोज सारे गाव झाडायचे, असे ठरले. मग आलेसानोने माझ्याकडे बोट केले. "कायद्याला एकच आवाज हवा. याचं भोक बुजवा."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते खांबावर टांगू नका. तिला आणि तिच्यावर विसंबलेल्या माणसांना जवळ बसून सांगा, की आता हे काम दुसऱ्याचे. अन् तुम्ही स्वतः खांबावर असाल, तर समोरच्या टाकीकडे बघून गाऊ नका.

नीरफणसाचा चीक घेऊन आजोबाच आले. बोटाने भोक लिंपताना ते हळूच म्हणाले, "तुझी काही चूक नाही रे बाबा."

होती. पण ते सांगायला आता मला श्वास नव्हता.