न धुतलेली लुंगी

माझा नवरा देरामान गेला त्या दिवशी बायकांनी त्याचे सगळे कपडे गोळा केले. आमच्याकडे मेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत, मशिदीत नेऊन वाटून टाकतात. माझी ना नव्हती. फक्त एक लुंगी मी लपवली. निळ्या चौकड्यांची, आदल्या संध्याकाळी त्याने काढून खुंटीवर टाकलेली. ती मी वेताच्या खुर्चीवर अंथरली आणि वर सुंबिंगला बसवलं, म्हणजे कुणी हात लावायला नको.

सुंबिंग म्हणजे आमचा बोका. एक कान फाटका, शेपटीला गाठ आणि स्वभाव थेट माझ्यासारखा. अकरा वर्षं तो रोज पहाटे देरामानबरोबर किनाऱ्यापर्यंत जायचा, होडी पाण्यात शिरली की परत फिरायचा. देरामान गेल्यावर तो खुर्चीवरून खाली उतरायचा तो फक्त खायला आणि बाहेर जाऊन यायला.

आणि दुपारी घरात कुणी नसलं की मी खुर्चीपाशी गुडघे टेकायची, सुंबिंगला थोडं सरकवायची आणि लुंगीत नाक खुपसायची. लाज वाटायची. साठीची बाई मी, कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं? पण नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बाईने अत्तर लावायचं नसतं, रंगीत नेसायचं नसतं, कामाशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो, चार महिने दहा दिवस. एवढं सगळं सोडल्यावर हे एक मी सोडणार नव्हते.

शेजारची काक बिदाह माझे दिवस माझ्यापेक्षा नेमाने मोजायची. सकाळी कुंपणावरून ओरडायची, "कलसोम, आज अडुसष्ट झाले हो!" जसं काही मी पळून जाणार होते.

त्या अडुसष्टाव्या दिवशी माझी लेक आयू जोहोरहून आली. तिथे ती हातमोज्यांच्या कारखान्यात आहे. मला ती मक म्हणते, बापाला अबाह म्हणायची. दहा दिवसांची रजा काढली होती. एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्या हातात तांदळाची गोणी, तोंड बांधलेली, आतून चीं चीं आवाज.

"हे काय आणलंस?"

"सोबत, मक. बसस्टँडजवळ मासळीवाल्यांच्या पायात फिरत होतं. गोणीत घालून आणलंय, म्हणजे परतीची वाट विसरेल."

"वाट ते विसरेल. मी कशी विसरू? उद्या त्याच बसने परत पाठव."

तिने गोणी उघडली. मांजराचं मूठभर पिल्लू, हळदीच्या रंगाचं, डोळे चिकटलेले. सुंबिंग खुर्चीवर उभा राहिला, अंग दुप्पट फुगवलं आणि असा फिसकारला की पिल्लाने जागेवरच पाणी सोडलं. मग तो उडी मारून चुलीवरच्या आढ्यावर गेला आणि रात्रीपर्यंत खाली आला नाही.

"होईल सवय," आयू म्हणाली.

"तुला काय माहीत? तो आल्यापासून तू या घरात राहिलीस कधी?"

दोन दिवस हेच. पिल्लू खोलीत कोंडलेलं, सुंबिंग दाराबाहेर गुरगुरत. तिसऱ्या दिवशी काक बिदाहने कुंपणावरून सल्ला दिला. "अगं, मांजर डोळ्याने ओळखत नाही, नाकाने ओळखतं. म्हातारा बोका ज्या कपड्यावर झोपतो ना, त्यानेच पिल्लू पुसून काढा. दोघांचा वास एक झाला की भांडण मिटलं."

मी हसून सोडून दिलं. आयूने सोडलं नाही.

दुपारची नमाज आटोपून मी बाहेर आले तर खुर्ची उघडी. सुंबिंग तिच्याभोवती फिरत होता, वेताला नाक लावत होता, वर माझ्याकडे बघत होता. मी मागच्या दारी धावले. दोरीवर निळ्या चौकड्यांची लुंगी, पाणी ठिबकतंय, साबणाचा वास सगळीकडे.

"पिल्लू त्यात गुंडाळलं तर त्याने घाण केली, मक," आयू म्हणाली. "म्हणून मग धुऊन टाकली."

माझ्या तोंडून काय काय निघालं ते आता लिहायला नको वाटतं. एक तेवढं सांगते, कारण ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, "तुला काय त्याचं! बाप मेला तेव्हासुद्धा माती पडल्यावर आलीस."

हातातली साबणाची वडी तिने नीट डबीत ठेवली आणि आत गेली. मला वाटलं होतं ती उलट बोलेल. माझीच मुलगी ती, बोलायला हवी होती.

त्या गडबडीत सुंबिंग पायऱ्या उतरून गेला. मी पाठमोरा पाहिला त्याला, गाठीची शेपटी सरळ वर. वाटलं, येईल जेवायला. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

देरामानला ओळखणारं, माझ्याशी त्याच्याबद्दल न बोलता बसणारं घरात तेवढं एकच होतं. लोक येत, देरामान किती भला होता ते सांगत, केळी ठेवून जात. सुंबिंग काही सांगत नसे. पहाटे नेमक्या वेळी कान टवकारायचा, तेवढंच. आणि मी पण त्याच वेळी जागी असायची.

आयूने सगळं गाव पालथं घातलं. मासळी बाजार, मशिदीचं अंगण, खारवलेले मासे वाळवतात तिथल्या मांडवाखाली. चौथ्या दिवशी घामाघूम होऊन आली.

"होडीखाली आहे, मक. अबाहच्या. पार टोकाला शिरून बसलाय. मी हाक मारली तर आणखी आत गेला. मासा ठेवला, शिवला नाही. डोळे खोल गेलेत त्याचे."

"तुला ओळखत नाही तो."

"मग काय करायचं? मी परवा निघणार."

मी पायरीवर बसून होते. होडी आमच्या घरापासून लांब नाही, सुरूच्या झाडांपलीकडे पालथी घातलेली आहे. एरवी मी भात उतू जायच्या आत जाऊन आले असते. पण वाटेत काक बिदाहचं घर आणि तिच्यापुढे सगळ्या गावाची तोंडं. नवऱ्याची इद्दत पुरी केली नाही म्हणून एका बाईला इथे वीस वर्षं ऐकवत आलेत. मीही ऐकवणाऱ्यांतलीच.

मी ओढणी गुंडाळली आणि पायरी उतरले.

"मक!" आयू म्हणाली.

"छत्री आण," मी म्हटलं. "ऊन आहे."

भर दुपारी आम्ही दोघी निघालो. काक बिदाह ओटीवर मासे साफ करत होती, तिची सुरी हातातच राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

होडीपाशी मी वाळूत आडवी झाले, गाल टेकून आत पाहिलं. अंधारात दोन डोळे. "सुंबिंग," मी म्हटलं, "बाबा रे, चल." खूप वेळाने तो सरपटत पुढे आला. फासळ्या दिसत होत्या. मी हात पुढे केला. त्याने माझी बोटं हुंगली, एकदा, दोनदा, आणि माझ्यावर फिसकारला. माझ्यावर!

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेले चार दिवस त्या पिल्लाला कापसाने दूध कोण पाजत होतं? डोळे कोण पुसत होतं? आयू गाव धुंडाळत होती, पिल्लू रडत होतं, मग मी नाही तर कोण. शिव्या देत देत पाजलं, पण पाजलं. माझे हात त्याच्या वासाने भरले होते.

मी उठून बसले आणि रडायला लागले. सत्तर-बहात्तर दिवस लोकांपुढे डोळे कोरडे ठेवले होते, ते सगळं तिथे वाळूत आलं. "त्याचा वास होता गं त्या लुंगीला," मी आयूला सांगितलं. "तेवढाच राहिला होता. तू साबण लावलास."

आयू छत्री धरून उभी होती. ती हळूच खाली बसली.

"मक, मला माहीत होतं ती अबाहची आहे."

"माहीत होतं आणि धुतलीस?"

"मी आले तेव्हा त्यांना पुरून झालं होतं. तूच म्हणालीस ना. तोंड बघायला मिळालं नाही. तुम्ही सगळ्या आत होता तेव्हा मी सुंबिंगला उचललं आणि ती लुंगी तोंडावर धरली. तेव्हा होते त्यात अबाह. घाम, डिझेल, ती लवंगेची सिगारेट." तिने छत्री वाळूत टेकवली. "या वेळी आल्या आल्या परत नाकाशी घेतली. धुवायच्या आधीही घेतली. नव्हते गं, मक. नुसता सुंबिंग होता. तुला कसं सांगणार होते मी?"

मलाही ते ठाऊक असणारच. रोज नाक खुपसणारीला कळल्याशिवाय राहतं का? एवढे दिवस मी बोक्याचा वास घेत होते आणि बोका स्वतःचाच घेत होता. मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. मी आयूचं डोकं छातीशी धरलं. माती पडल्यावर आलीस, ते बोलणं मी परत घेते असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही, नुसती धरून राहिले.

रडताना माझी ओढणी खांद्यावरून घसरून वाळूत पडली होती. चार दिवस बदलली नव्हती, रात्री तीच पांघरून झोपत होते. सुंबिंग बाहेर आला, ओढणी कडेपासून कडेपर्यंत हुंगत गेला आणि मधोमध बसला. माझ्याकडे पाठ करून.

मी चारही टोकं उचलली आणि त्याचं गाठोडं केलं. आतून तो सगळ्या वाटेने गुरगुरत होता. आयूने छत्री माझ्या डोक्यावर धरली.

काक बिदाह रस्त्यातच येऊन उभी राहिली. "कलसोम! अगं, इद्दत आहे ना तुझी! एवढ्या उन्हात, सगळ्यांसमोर!"

"पाप माझ्या नावावर, काक बिदाह. तू पुढे हो आणि फाटक उघड, माझे हात मोकळे नाहीत."

तिने फाटक उघडलं. घरापर्यंत मागे मागे आली, पुढे काय होतं ते बघायला.

मी गाठोडं खुर्चीत ठेवून सोडलं. तिथे आयूने वाळलेली लुंगी घडी करून ठेवली होती. सुंबिंगने ती हुंगली, शिंकला आणि पंजाने खाली ढकलली. मग ओढणीवरच पडून राहिला. खाली पिल्लू आलं तसा तो फिसकारला, पण उठला नाही. भांडण काही मिटलं नव्हतं, मिटायला किती दिवस लागतील कोण जाणे.

मी जमिनीवरची लुंगी उचलली. नाकाला लावली नाही. घडी सारखी केली आणि काक बिदाहच्या हातात दिली.

"ही राहून गेली होती. मशिदीत दे."

ती उलटसुलट करून बघू लागली.

"धुतलेली आहे," मी म्हटलं.