आम्ही फुटी नाचतो

ओरातिले माझ्या बहिणीची मुलगी. कॅम्पवर पाहुण्यांना गाडीतून गेंडे दाखवते. त्या सकाळी तिने दारातूनच एक पुस्तिका माझ्या मांडीवर टाकली. "मामा, वाचा. आणि मग सांगा, शनिवारी नाचू की घरी बसू?"

पुस्तिका गुळगुळीत कागदाची होती. आमच्या देशाची ओळख. आधी वाळवंट, मग कोरड्या खारट मैदानांवरचे झेब्रे, आणि मग आम्ही. 'इथले लोक फुटी नावाच्या लहान हरणाचा नाच करतात. कॅम्पवर तो अवश्य पाहा.'

आधी वाटलं, मलाच नीट कळत नसेल. शाळेच्या वाचनालयात आयुष्य गेलं, तरी छापलेल्या ओळीपुढे मी अजून दबकतो. पुन्हा वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. आमच्या बोलीत देवक विचारायचं तर 'तू काय नाचतोस?' असंच विचारतात. आम्ही फुटी नाचतो, म्हणजे फुटी आमचं देवक. तिला आम्ही मारत नाही, खात नाही, तिच्या कातड्याला शिवत नाही. नाचण्याचा इथे संबंध काय?

"कातडं पांघरून नाचायचंय," ओरातिले म्हणाली. "नाही म्हटलं तर गाडीची किल्ली परत."

"टेफोला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हणतो, पाहुण्यांना कुठे कळतंय!"

टेफो कॅम्पचा मॅनेजर. राजधानीतला असला तरी बोली आमचीच. परक्या माणसाची चूक मी समजून घेतली असती.

आम्ही तडक निघालो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. कॅम्पच्या स्वयंपाकघरात शिरेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. स्वयंपाकीण मा-पेलो चुलीवर लापशी घोटत होती. टेबलावर कातडं पसरलेलं होतं, शिंगांसकट.

"या मोठे बाबा," टेफो हसला. "अहो, थोड्या उड्या मारायच्या. पोरगी एरवी काय कमी उड्या मारते?"

मी कसंबसं विचारलं, "टेफो, तू काय नाचतोस?"

"सिंह," तो म्हणाला. लहानपणापासून हे उत्तर देत आला असेल तसं, विचार न करता.

"मग नाच."

"म्हणजे?"

"सिंहाचं कातडं पांघर आणि पाहुण्यांच्या टेबलांभोवती गुरगुरत रांग. तुझ्या आईला पुढच्या रांगेत बसव."

मा-पेलो खदखदून हसली. "शेपूट मी शिवून देते हो, साहेब!"

टेफोचा चेहरा उतरला. "पुस्तिका मी लिहिली नाही, बाबा."

"छापायच्या आधी वाचली होतीस?"

तो म्हणाला, "वाचली होती. गेंडे बघून झाले की संध्याकाळी काय दाखवू त्यांना?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं!

"बरं, नाच रद्द," तो पुटपुटला. "किल्ली राहू दे तिच्याकडे. ओरातिले, ते कातडं आत ठेव."

ओरातिले जागची हलली नाही. त्याने मा-पेलोकडे पाहिलं.

"माझ्याकडे नका बघू. मीही फुटीच नाचते."

शेवटी त्यानेच ते गुंडाळून काखेत मारलं.

"आणि पुस्तिका?" मी विचारलं.

"आहे तशी राहील. प्रती संपेपर्यंत."

"पाहुण्यांनी नाचाचं विचारलं तर?" ओरातिले म्हणाली.

"सांग, आज नाही."

"आज नाही? मी सांगणार, कधीच नव्हता. गाडीत बसल्या बसल्या सांगणार, गेंड्यांच्या आधी."

टेफोने तिच्याकडे रोखून पाहिलं, पण नको म्हणाला नाही. मी काठी उचलली. तो दारापर्यंत आला, टोपी काढून म्हणाला, "सुखाने जा, मोठे बाबा."

आमच्यात निघणारा माणूस यावर शत्रूलाही 'सुखाने राहा' म्हणतो. मी म्हटलं नाही. सबंध वाट ओरातिले माझ्याकडे चोरून बघत होती, आणि माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.