शून्यावर थांबलेला काटा

मित्रांनो, मी बाबूलाल मिस्त्रींच्या पिशवीतला जुना, काट्याचा मीटर आहे. वीज आहे की नाही, यंत्राचा भाग शाबूत आहे की जळाला, हे मी सांगतो. चाळीस वर्षांत मी कधी खोटं बोललो नव्हतो. परवा बोललो. तो धक्का अजून माझ्यातून उतरलेला नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे भिंगातून बघत कुणीतरी माझा केसासारखा काटा बसवला होता. पुढे बालाघाटच्या एका दुकानातून बाबूलालनी मला घेतलं. भरवेलीच्या वस्तीतले पंखे, लालबर्र्याच्या धानगिरणीतल्या मोटारी, सगळं मी तपासलं. कामाआधी ते माझ्या लाल आणि काळ्या तारेची टोकं एकमेकांना टेकवून विचारत, "जागा हायेस का रे?" तारा धड असल्या की माझा काटा झपकन उजवीकडे धावायचा. भोवतालची पोरं खिदळायची. किती गोड दिवस होते ते!

मग त्यांच्या मुलाने, गजेंद्रने, आकडे दाखवणारा नवा मीटर आणला. मी पिशवीच्या तळाशी पकडीखाली गेलो. माझ्याच तारा माझ्याभोवती घट्ट आवळलेल्या.

परवा रामपायलीला प्रेमलालभाऊंच्या घरचं यंत्र बंद पडलं. हिवाळ्यात खोली ऊबदार आणि उन्हाळ्यात गार करणारं यंत्र. बाळंतीण सुनेसाठी, नूतनसाठी, बसवलेलं. नव्या मीटरची बॅटरी संपली होती, म्हणून मला बाहेर काढलं. मला केवढा आनंद झाला!

घरामागच्या भिंतीवरच्या बाहेरच्या पेटीचा स्विच बंद करून बाबूलालनी झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात. स्विच बंद केला तरी त्यांच्यात वीज साठून राहते, आणि ती जीव घेऊ शकते. म्हणून हात लावण्याआधी मला विचारायचं. त्यांनी माझी टोकं तिथे टेकवली. काटा शून्यावरच.

"उतरली वीज," ते म्हणाले आणि बोर्डाकडे हात नेऊ लागले.

प्रेमलालभाऊंची बायको आनंदीबाई नातवाला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. ती म्हणाली, "काहून हो बाबूलालभाऊ, आज याले 'जागा हायेस का' नाही विचारलं?"

"जुना दोस्त हाय माहा. याले काय विचारू?"

"जुना हाय म्हणूनच विचारा. मी त यायले रोज सकाळी विचारतो," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"हौ," प्रेमलालभाऊ म्हणाले, "अन् लवकर उत्तर नाही देलं त चहा भेटत नाही!"

हसत हसत बाबूलालनी हात मागे घेतला आणि माझी टोकं एकमेकांना टेकवली.

काटा हलला नाही.

त्यांचं हसू तिथेच विझलं. पिशवीतून त्यांनी दोन तारा जोडलेला बल्ब काढला आणि त्याच जागी लावला. बल्ब भर उन्हात झक्कन पेटला, मग हळूहळू मावळला. बाबूलाल खाली मातीत बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

मित्रांनो, तो उजेड त्या हातातून जाणार होता. आवळून ठेवल्यामुळे माझी लाल तार आतून तुटली होती. वरून धड दिसत होती. मला काही कळलं नव्हतं, तरी मी शांतपणे शून्य दाखवलं. 'वीज नाही' आणि 'मला कळत नाही', या दोन्हींसाठी माझा चेहरा एकच आहे. हे मला इतक्या वर्षांनी, त्या बल्बच्या उजेडात समजलं.

आता मला नव्या तारा आहेत, सैल गुंडाळलेल्या. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्या तारा आवळू नका. आणि त्याच्यावर कितीही माया असली, तरी आधी त्याला 'जागा आहेस का' विचारा. मायेपोटीच तर बाबूलाल मला विचारायचे राहिले होते.

काल त्यांनी माझी टोकं पुन्हा जुळवली. "जागा हायेस का रे?"

मी इतक्या जोरात आयुष्यात कधी धावलो नव्हतो.