विहाराची पायरी

दिवेलागणीला चूल पेटली की आपली चार महिन्यांची पोरगी धुरानं ठसकते, हे सपनानं आठवडाभर पाहिलं होतं. आज तिनं पोरीला कानटोपरं घातलं, गोधडीत गुंडाळलं आणि हट्टा गावातल्या बुद्धविहाराच्या पायरीवर जाऊन बसली. हरभऱ्याच्या शेतावर धुकं उतरत होतं. पोरगी निवांत झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच सपनाला मनातलं नीट ऐकू आलं.

तेवढ्यात तिची सासू सोजराबाई तणतणत आली. "तिन्हीसांजंला लेकरू बाहीर? काही लागलं म्हंजी?"

"विहारात काय लागणार, आत्या? भूतखेत मानत न्हाई, असं दर पौर्णिमेला इथं तुमीच सांगता ना सगळ्यायला?"

सोजराबाईनं पदर डोक्यावर ओढला. "भूत न्हाई गं, थंडी!"

"थंडीला गोधडी हाय. धुराला काय हाय?"

"लई शिकलेली! आमी न्हाई वाढवली लेकरं धुरात?"

"वाढवली. म्हणून तर तुमी रातभर खोकत राहता."

सपना बोलून गेली. तिनं गोधडीत हात घालून पोरीचे तळपाय चाचपले. ऊबदार होते.

"चल, लोक बघून राहिले."

"बघू द्या. चूल विझली की येते. उद्याबी इथंच बसणार हाय."

सोजराबाई पाय आपटत गेली. सपना हलली नाही.