बोळ नसलेला ब्लॉक

व्हिला कॉर्डेलिया हिल्समध्ये टेकडी औषधालासुद्धा नव्हती. सगळी जुनी भाताची जमीन, पोळपाटासारखी सपाट. त्या पोळपाटावर कंपनीने पट्टी ठेवून रस्ते आखले, रस्त्यांच्या मधे ब्लॉक पाडले, ब्लॉकांचे प्लॉट केले आणि एकेका रस्त्याला एकेका फुलाचं नाव देऊन टाकलं. क्रिझेलचं घर सांपागिता रस्त्यावर, ब्लॉक सहाच्या बरोब्बर मध्यावर. पुढच्या खोलीत तिच्या नानायचं, म्हणजे आईचं, दुकान होतं. जाळीला लटकलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, बरण्यांत गोळ्या, कोपऱ्यात सुकी मासळी, आणि बाहेर एक लांब बाकडं.

त्या बाकड्यावर सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती कुणी मेलं की.

मयताच्या घरी बसून आलेला माणूस तडक आपल्या घरी जात नाही. गेला, तर मेलेलाही मागोमाग उंबरा ओलांडतो. म्हणून वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीबाही विकत घ्यायचं, दोन घटका बसायचं, की मागचा चुकतो, झटकला जातो. याला म्हणायचं पागपाग. आणि अख्ख्या ब्लॉक सहाचा पागपाग नानायच्या दुकानात.

"झटका बाबांनो, झटका!" नानाय जाळीतून हसत ओरडायची. "पण काही प्यायल्याशिवाय उठलात तर मीच येईन हं तुमच्या मागे!"

सगळे हसायचे, पाव घ्यायचे, शेंगदाणे घ्यायचे आणि हलक्या पाठीने घरी जायचे. झटकलेला पुढे कुठे जातो, हे मात्र कुणीच कधी विचारलं नव्हतं. कचरा दारातून बाहेर लोटला की तो आपला राहत नाही, तसंच ते.

मग मागच्या इलांग-इलांग रस्त्यावरचे अम्बोकाका, सगळ्यांचे तितो अम्बो, गेले. शाळेची जीप चालवणारे, अर्ध्या वसाहतीतली पोरं ज्यांनी वाढवली ते तितो अम्बो. त्यांचं घर क्रिझेलच्या घराच्या अगदी पाठीला पाठ लावून. त्यांना भेटायला माणूस इतका लोटला की नानायचं बाकडं पुरेना. लोक पायरीवर बसले, सायकलींवर टेकले. आणि ते सगळं संपून रस्ता मोकळा झाला, तरी दुकानातली गर्दी काही हटली नाही.

दिसत कुणी नव्हतं. पण दुपारी तीनच्या सुमाराला, रस्ता तापून चिडीचूप झाला की बाकडं करकरायचं. एकदा नाही. एक करकर, मग तिला सरकून जागा दिल्यासारखी दुसरी, मग तिसरी. आत स्वयंपाकघरात सपाता घासल्याचा आवाज यायचा, जीपच्या थांब्यावर ताटकळलेली माणसं या पायावरून त्या पायावर होतात ना, अगदी तसा. बंद पिशवीतल्या पावाला मेणबत्तीचा वास लागायचा. शेजारचा कुत्रा शिळ्या भातासाठी रोज आत यायचा, तो आता दाराशी पोट टेकून कण्हत बसायला लागला.

हे सगळं चाललं असतं. नानायने येशूच्या तसबिरीपुढे आणखी एक दिवा लावला असता आणि दुकान चालू ठेवलं असतं. पण बिंग?

बिंग म्हणजे क्रिझेलची धाकटी बहीण, चार वर्षांची, गालाला सदा भाताचं शीत चिकटलेलं. रोज तीन वाजले की ती हातातलं खेळणं खाली ठेवायची, उजवा हात वर करायची, कुणीतरी धरल्यासारखा, आणि तुरुतुरु स्वयंपाकघरात जाऊन मागच्या भिंतीला नाक लावून उभी राहायची. तिथेच पाय उचलत राहायची. एक, दोन, एक, दोन. भिंतीतूनच चालायचं असल्यासारखी. कपाळ आपटून आपटून टेंगूळ आलं होतं.

"बिंग, काय करतेयस?" क्रिझेलने विचारलं होतं.

"आते, थांब ना." थोरल्या बहिणीला आते म्हणताना बिंग नेहमी लाडात यायची. त्या दिवशी मात्र तिचा आवाज कुणाच्यातरी वतीने बोलल्यासारखा होता. "घरी जायचंय. सगळ्यांनाच जायचंय. रस्ता उघडत नाहीये."

नानायने त्याच रात्री ठरवलं. येत्या रविवारच्या बोटीने ताताय, म्हणजे वडील, बिंगला आपल्या बहिणीकडे, पार कातांदुआनेस बेटावर पोचवणार. किती दिवसांसाठी, ते कुणी बोललं नाही. बिंगच्या चार फ्रॉकची पिशवी भरून दाराशी ठेवली गेली.

शाळेत क्रिझेल ड्रॉइंगच्या शाखेत होती. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही मुलगी, यंदा मात्र काय वारं लागलं होतं कोण जाणे, प्रत्येक गोष्टीला हात वर! त्या शुक्रवारी मॅम इलागान यांनी वसाहतीचा आराखडा काढून आणायला सांगितला होता. रस्ता किती रुंद, कोपऱ्याला गोलाई किती, प्लॉटचं तोंड किती, सगळं नियमात बसवून. क्रिझेलने आपलाच ब्लॉक काढला, रंगवला आणि ताठ मानेने फळ्यावर लावला.

मॅम बघत राहिल्या, मग तिला आडनावाने हाक मारून म्हणाल्या, "दिमाकुलांगान, हा ब्लॉक आहे की सुरवंट?"

वर्ग खिदळला.

"एवढा लांब ब्लॉक, आणि मधे बोळ कुठाय? ब्लॉक लांबला की मधोमध पायी जाणाऱ्याला आरपार वाट सोडायचीच. दोन मीटर. नियम आहे तो, शोभेला नाही. नाहीतर या रस्त्यावरचा माणूस त्या रस्त्यावर जाणार कसा?"

"वळसा घालून, मॅम."

"आणि ज्याला वळसा माहीत नाही तो?"

"तो..." क्रिझेल म्हणाली, आणि बोलता बोलता तिला भिंतीला नाक लावून उभी असलेली बिंग आठवली. "तो मधेच अडकेल, मॅम."

"शाब्बास. बस खाली."

ती बसली नाही. म्हणजे बसली, पण त्यानंतरचं एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. घरी जाताना ती ब्लॉक चार, पाच, सात, आठ सगळ्यांवरून सायकल मारत गेली. प्रत्येकाच्या मधोमध बोळ होता! कुठे पोरं गोट्या खेळत होती, कुठे कोंबडी बांधली होती, पण बोळ होता. नव्हता फक्त सहाला. आणि सहाच्या मधोमध काय होतं? जाळीला लटकलेल्या शाम्पूच्या माळा.

"ताताय! आपल्या प्लॉटमध्ये बोळ होता का?"

ताताय पंख्यापुढे बनियनवर बसले होते. त्यांची छातीच फुगली. "होता म्हणजे! तोच तर आपल्याला लाभला. एजंट म्हणाला, कंपनीने बोळ काढून टाकलाय, पुढचा अर्धा तुम्हाला, मागचा अर्धा अम्बोच्या बायकोला, त्या पुरिताबाईंना. सगळ्या ओळीत आपला प्लॉट रुंद आहे, तो काय उगाच? तुझ्या नानायचं दुकान त्याच्यावरच तर उभंय."

"म्हणूनच ते जाऊ शकत नाहीयेत," क्रिझेल म्हणाली.

"कोण ते?"

बाहेर बाकडं करकरलं. तातायनी पंखा बंद केला. त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या सपाता जास्तच स्पष्ट ऐकू आल्या.

क्रिझेलने एका दमात सांगून टाकलं. लोक इथे येतात, मेलेल्याला इथे झटकतात आणि वळसा घालून घरी जातात. झटकलेला उठतो, नाकासमोर चालायला लागतो, बोळ जिथे असायला हवा तिथून. आणि आपली भिंत लागते. इतकी वर्षं ते थोडे थोडे साठत होते. आता तितो अम्बोही त्यांच्यात आहेत. "आपण भिंत फोडू या, ताताय. दुकानाच्या दाराच्या बरोबर समोर."

"डोकं फिरलंय का तुझं? दारासमोर दार?" ताताय उभेच राहिले. "पुढून आलेलं नशीब थांबेल तरी का घरात? सरळ मागून निघून जाईल! घर बांधताना गवंड्याने हात जोडून सांगितलं होतं, मागचं दार चुकूनही रेषेत काढू नका."

"नशीब जाऊ दे की मग," नानाय म्हणाली. ती दारात कधी आली होती कळलंच नाही. बिंगची पिशवी तिने पायाने भिंतीकडे सरकवली. "नशीब गेलं तर मी दुसरं आणीन बाजारातून. पोर गेली तर कुठून आणू?"

 ताताय घण शोधायला लागले.

पण भिंतीपलीकडची जागा तिता पुरिताची. विचारायला क्रिझेलच गेली, सगळा ब्लॉक वळसा घालून. तिता पडवीत तांदूळ निवडत बसली होती. जिभेला धार लावलेली बाई ती, वसाहतीत कुणी तिच्या वाटेला जात नसे.

"ये. तुझ्या आईच्या दुकानातले शेंगदाणे खवट होते, सांग तिला. माझ्या नवऱ्याला भेटायला आलेल्यांना खवट शेंगदाणे!"

"सांगते पो," मोठ्यांशी बोलताना लावायचा तो 'पो' न विसरता क्रिझेल म्हणाली. "तिता, आमची बिंग..." आणि क्रिझेलने बोलण्याऐवजी हात वर करून दाखवला, कुणीतरी धरल्यासारखा.

तिताची बोटं तांदळात थांबली.

"उजवाच हात का?"

"हो. रोज. तीन वाजता."

"जीप तीनला यायची." तिताचा आवाज एकदम लहान झाला. "रस्ता ओलांडताना पोरांना डाव्या हाताने धरायचा. उजव्याने गाड्या थांबवायचा. दात नसलेल्या बसकंडक्टरसारखा दिसायचा, मेला." ती हसली आणि ते हसू अर्ध्यातच सुकलं. "म्हणजे इथेच आहे तो. एका भिंतीपलीकडे. आणि मी इथे ताट वाढून वाट बघतेय."

"भिंत उघडली तर येतील ते, तिता."

"उघडा. आजच उघडा." तिने सूप बाजूला सारलं. डोळ्यांत अशी काही चमक आली की क्रिझेलला ती आवडली नाही. "आत आला की मी कडी लावून घेणार. परत जाऊच देणार नाही."

"पण तिता, बिंगचा हात त्यांच्या हातात आहे."

 तिताने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

शनिवारी सकाळपासून ताताय घण घालत होते. पलीकडून तिताच्या भाच्याने कोंबड्यांचं खुराडं हलवलं, फाटक सताड उघडलं. दुपारपर्यंत भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पडलं, आणि पहिल्यांदाच नानायच्या गल्ल्यामागे उभं राहिलं की दुकान, स्वयंपाकघर, तिताचं अंगण आणि पलीकडचा पांढराफटक इलांग-इलांग रस्ता एका रेषेत दिसायला लागला.

तीन वाजले.

बाकडं करकरलं, आणि या वेळी ती करकर संपेचना. सगळं बाकडंच उठलं म्हणायचं. शाम्पूच्या माळा एकाच बाजूला झुकल्या. "ताबी-ताबी पो," नानाय पुटपुटली. वारुळापाशी, झाडाखाली, न दिसणाऱ्यांची परवानगी मागताना म्हणतात ते शब्द तिने आपल्याच स्वयंपाकघरात उच्चारले, आणि तिघंही भिंतीला पाठ लावून उभी राहिली. समोरून कुणीतरी जात होतं. मग आणखी कुणी. चेहऱ्याला वारा लागावा आणि त्या वाऱ्याला खांदे असावेत, असं. कुणी रेंगाळलं नाही. कुणाला राग नव्हता. फक्त घाई होती, कितीतरी जुनी घाई.

सगळ्यांच्या शेवटी बिंग निघाली, उजवा हात वर करून.

"बिंग!" क्रिझेल धावली. चार पावलांचं ते भगदाड, पण पाय उचलावा आणि जमीनच मागे सरकावी असं झालं. बिंग अंगणात पोचली. पुढचे सगळे फाटकातून रस्त्यावर गेले असावेत, कारण फाटक थरथरून थांबलं. बिंग मात्र वळली, तिताच्या घराकडे. पडवीत ताट वाढलेलं होतं. दार उघडं होतं, आणि दारात तिता, कडीवर हात ठेवून.

बिंग पहिली पायरी चढली. दुसरी चढली.

"तिता!" क्रिझेल किंचाळली. "तिता, प्लीज!"

तिताची नजर बिंगच्या वर, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर खिळली होती. तिचे ओठ नव्या नवरीसारखे हलत होते. मग नजर खाली उतरली, बिंगच्या टेंगळावर, गालाच्या शितावर. कडीवरचा हात सुटला.

"अम्बो," ती म्हणाली, नेहमीच्या खणखणीत आवाजात. "ही तुझ्या जीपमधली नाही. हिला आई आहे, तिकडे उभी आहे रडत. सोड हात."

काहीच हललं नाही.

"ऐकलंस का म्हातारड्या? हात सोड म्हणते. आणि आत येऊ नकोस." इथे तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "ती बघ, सगळी पुढे गेली. चुकशील परत. जा. माझं मी येईन नंतर, मला रस्ता ठाऊक आहे."

बिंगचा हात पटकन खाली पडला. ती पायरीवर बसकण मारून भोकाड पसरायला लागली, आणि त्याच क्षणी क्रिझेलच्या पायांखाली जमीन पुन्हा जमिनीसारखी झाली. तिने झेपावून बिंगला उचललं. फाटक एकदा वाजलं. तिता त्या आवाजाकडे वळली नाही. दाराच्या चौकटीला कपाळ टेकून उभी राहिली, आणि नानाय अंगण ओलांडून तिच्याजवळ गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वळसा न घालता.

"आते, भूक लागली," बिंग हुंदक्यातून म्हणाली.

"देते हं, देते," क्रिझेल म्हणत राहिली. तिच्या कडेवर बिंग गरम होती, घामेजलेली, जड. उजवा हात तेवढा मनगटापर्यंत बर्फासारखा गार होता. तो आपल्या दोन्ही हातांत धरून ती चोळत बसली, उन्हं उतरेपर्यंत, त्याला ऊब येईपर्यंत.