उपवासाआधीचा मंगळवार

"तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभं कोण राहणार गं?"

प्रश्न खरं तर डेलियाचा नव्हताच. वर्गातल्या मैत्रिणींनी, ॲबी आणि किटनं, शाळेत पैज लावली होती, की डेलिया कितीही तोंडाळ असली तरी थोरल्या बहिणीला हे विचारायची तिची छाती होणार नाही. गेल्या महिन्यात अख्ख्या वर्गासमोर भाषण ठोकल्यापासून डेलियाला भीती अशी कशाचीच उरली नव्हती. तिनं विचारलं.

नेलचा बटाटे धुणारा हात थांबला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "साक्षीदार व्हा म्हणून बारा घरं फिरून झाली. शेवटच्या घरी तर दाराची वरची फळीसुद्धा उघडली नाही. बाई आतूनच सांगते, सर्दी झालीय."

पैज जिंकल्याचं डेलियाच्या लक्षातही राहिलं नाही.

नेलचा होणारा नवरा टिम लेसी पोलिसात होता. इंग्रज सरकारचे चाकर म्हणून गावानं पोलिसांना वाळीत टाकलं, तेव्हा त्यानं बंदूक परत केली आणि नोकरी सोडली. पोलीस त्याला फितूर म्हणू लागले, गाव मात्र अजून पोलीसच म्हणायचं. त्याच्या दारावर गावातल्या बंडखोर पोरांनी चिठ्ठी ठोकलेली होती: गुरुवारपर्यंत चालता हो. नेल त्याच्याबरोबर लिव्हरपूलला जाणार होती, पण लग्न करूनच. आणि बुधवारी कपाळाला राख लागून चाळीस दिवसांचा उपवास सुरू झाला, की ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्न नाही. म्हणजे मंगळवार. साक्षीदार दोन हवेत. टिमच्या बाजूनं चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा तयार होता. तो ठार बहिरा, त्यामुळे गावाचं काही ऐकायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर डेलिया फादरांकडे जाऊन आली. घरी पोचली तर बाबा चुलीपाशी चिखलाचे बूट काढत बसले होते.

"आज कुणासाठी?" आईनं विचारलं.

"इंग्रज सोल्जरांसाठी. परवा आपल्या पोरांनी यांच्या गाड्या अडवायला रस्ता खणायला लावला, आज यांनी तोच खड्डा बुजवायला लावला. माझी स्वतःची माती मी आता चेहऱ्यानं ओळखतो."

आईनं चहाचं आधण ठेवलं.

"बाबा, नेलचं लग्न," डेलिया म्हणाली.

"तो विषय नको."

"टिम आता पोलीस नाहीये."

"भिजलेल्या कोटाचा वास जातो होय गं? तुझ्या मामाच्या डोनलला पोलिसांनीच कॉर्कच्या तुरुंगात टाकलंय. उद्या वहिनीला तुझी आई काय तोंड दाखवेल?" मग बाबांचा आवाज खाली आला. "पोरी, मी दमलोय. खणून दमलो, बुजवून दमलो. कुणाच्याच बाजूनं उभं राहायचं त्राण नाही राहिलं."

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पाठ फिरवली. नेल खिडकीशी शिवत बसली होती. सुईत दोरा नव्हता, तरी ती टाके घालत होती.

डेलियाला किट आठवली. किटचा भाऊ त्याच बंडखोर पोरांमधला. मंगळवारनंतर किट बोलणार नाही, ॲबीही नाही. बाकावर ती एकटीच उरेल.

तिला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं, घरातल्या बाकीच्यांसारखंच. तरी ती उठून उभी राहिली.

"आई, बाबा, मी फादरांना विचारून आलेय. सोळा वर्षांची साक्षीदार चालते म्हणाले. मंगळवारी नेलच्या बाजूनं मी सही करणारेय. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."