छपरासकट

कारखान्याच्या मालकाला पुढची भिंत तेवढी ठेवायची होती. मागचं दालन पाडून तिथे इमारत उठवायची होती. वारसा समिती त्याला अनुकूलच होती. पहिल्या पाहणीनंतर दालनाबद्दल तिचा शेरा होता : 'अंधारं गोदाम, जपण्याजोगं काही नाही.' दुसरी आणि शेवटची पाहणी आज दुपारी होती.

दालन वाचवण्यासाठी अर्ज केला होता एका तरुण वास्तुविशारद मुलीने. सकाळपासून ती आणि तिची आत्या छपराखालच्या परांचीवर उभ्या होत्या. इथे पूर्वी शिवणाचा दोरा रंगवत. याच दालनात दोऱ्याच्या छटा जुळवत आत्याने सगळी नोकरी केली होती. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. कारखाना बंद पडल्यावर गळती थांबवायला कुणीतरी सगळ्या काचांना डांबर फासलं होतं. रॉकेलचा बोळा फिरवून दोघी ते पातीने खरवडत होत्या.

मालकाचा व्यवस्थापक खालून म्हणाला, "आत्याबाई, पगार बंद झाला तरी हजेरी चालूच?"

"साफसफाईची परवानगी तुम्हीच दिलीत."

"मला वाटलं, झाडू माराल."

"मारतेय की. जरा वर."

भाचीचे खांदे भरून आले होते. "आत्या, सगळ्या काही व्हायच्या नाहीत."

"मग तोंड बंद ठेव आणि मधल्या ओळी आधी घे."

समिती आली. व्यवस्थापकाने मागच्या वेळेसारखे दारातच सगळ्यांच्या हाती टॉर्च दिले. अध्यक्ष निवृत्त अभियंते होते. ते आत आले आणि थबकले.

"दिवे कधी बसवलेत?"

"दिवे नाहीत," खाली उतरलेली भाची म्हणाली. "तुमची सावली बघा."

त्यांनी पायाशी पाहिलं, मग हात लांब करून पाहिलं. सावली धड कुठेच पडत नव्हती.

"ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. रंग जुळवायला असाच लागतो. छप्पर पाडून भिंत ठेवली, तर कारखान्यातलं काय राखलं म्हणायचं?"

"अर्ध्या काचा अजून काळ्याच आहेत, साहेब," व्यवस्थापक म्हणाला.

"हो. त्याही आता दिसतायत," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांनी टॉर्च त्याच्या हातात परत दिला, जुना शेरा खोडला आणि दालन छपरासकट राखावं, असं लिहून कागद सहीसाठी इतरांपुढे धरला. सह्या झाल्या.

"आत्या, ये आता खाली."

"ही ओळ संपू दे."